गोल्फ खेळणाऱ्या ग्राहकाचा व्यायाम: आधी मोजा, मग वळण, मग ताकद, शेवटी वेग



"एकच ग्राहक-गट धरा आणि त्याचं काम नीट करा" या व्हिडिओनंतर जिम ट्रेनर आणि छोटे फिटनेस स्टुडिओ चालवणाऱ्यांकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला: "मॅडम, गोल्फ खेळणारे दोन-तीन मेंबर आमच्याकडे येतात. त्यांना वेगळं काय शिकवायचं?" व्हिडिओत दहा-बारा मिनिटांत हे बसत नाही, म्हणून इथे पूर्ण धडा लिहिते आहे. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

मी स्वतः खेळाच्या साहित्याचं दुकान चालवते. बीबीएला सेगमेंट हा शब्द पाठ केला होता, त्याचा अर्थ काउंटरवर कळला. क्रिकेटची बॅट घ्यायला येणारा मुलगा आणि गोल्फचा हातमोजा मागणारा पन्नाशीचा माणूस, दोघं एकाच दारातून आत येतात. पण दोघांची गरज, भीती आणि खिसा अगदी वेगळा असतो.

हा ग्राहक नक्की काय मागतो?

तुमच्याकडे येणारा गोल्फर बहुतेक वेळा पंचेचाळीस ते पासष्टच्या मधला असतो. दिवसभर खुर्चीत, गाडीत किंवा मीटिंगमध्ये. आठवड्यातून एक-दोनदा पहाटे खेळतो. त्याला दोन गोष्टी हव्या असतात. एक, चेंडू थोडा लांब जावा. दोन, रविवारी खेळल्यावर सोमवारी कंबर धरू नये.

पहिल्या गोष्टीसाठी त्याने आधीच भरपूर खर्च केलेला असतो. नवा ड्रायव्हर, नवे चेंडू, कधी कधी पूर्ण सेट. पण गोल्फच्या नियमानुसार फेरीत १४ पेक्षा जास्त क्लब बाळगता येत नाहीत, आणि ते चौदाही फिरवणारं शरीर एकच आहे. क्लब दर दोन वर्षांनी बदलता येतो. खुबा आणि कणा बदलता येत नाही, तो वापरण्याजोगा ठेवावा लागतो. तुमची सेवा इथे सुरू होते.

आणि धोकाही इथेच आहे. गोल्फर चार-चारच्या गटात खेळतात. तुमच्या व्यायामाने एकाची कंबर गेली, तर पुढच्या रविवारी उरलेल्या तिघांना ते पहिल्या होलवरच कळतं. म्हणून आधी शरीर काय करतं ते समजून घेऊ, व्यायाम नंतर.

स्विंगमध्ये शरीर काय करतं?

गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा असतो. तो मारायला दंडाची ताकद फारशी लागत नाही, क्लबच्या डोक्याचा वेग लागतो. पूर्ण स्विंग एक-सव्वा सेकंदात संपतो आणि क्लब वरून खाली चेंडूपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. एवढ्या वेळात विचार करून काही दुरुस्त करता येत नाही. शरीराला जे येतं, तेच होतं.

शेतात पाखरं हाकलायला गोफण फिरवणारा माणूस आठवा. तो नुसत्या मनगटाने दगड फेकत नाही. पाय रोवतो, कंबर वळते, मग छाती, मग हात, आणि शेवटी गोफणीचं टोक सगळ्यात वेगाने सुटतं. गोल्फचा स्विंगही असाच. जमीन, पाय, खुबे, छाती, हात, क्लब. या रांगेत प्रत्येक जण पुढच्याला वेग देतो.

आता कण्याची रचना बघा. कंबरेचे पाच मणके मागे-पुढे छान वाकतात, पण ते वळायला बनलेलेच नाहीत. पाचही मिळून डावी-उजवीकडे फक्त दहा-पंधरा अंश वळतात. छातीमागचा कणा त्याच्या दुपटीहून जास्त वळतो. आणि मोठं वळण खुब्याच्या सांध्यातून येतं.

पण दहा-दहा तास खुर्चीत बसून नेमकं काय आखडतं? खुबे आणि छातीमागचा कणा. मग स्विंगला लागणारं वळण येतं कुठून? मधली बिचारी कंबर ते द्यायला जाते. दोन बाजूच्या बिजागऱ्या गंजल्या की दरवाजा मधूनच तडकतो, तसं. म्हणूनच गोल्फरच्या दुखण्यांत कंबरदुखी सगळ्यात जास्त आढळते.

हे लक्षात आलं की पुढचा क्रम आपोआप ठरतो. आखडलेल्या शरीरावर आधी ताकद चढवली, तर तीच ताकद कंबरेवर येते. म्हणून आधी वळण, मग ताकद, मग वेग.

मोठ्या खेळाडूंकडून काय शिकायचं?

दक्षिण आफ्रिकेचे गॅरी प्लेअर यांनी १९५०-६०च्या दशकात वजनं उचलायला सुरुवात केली, तेव्हा वजनांनी स्विंग बिघडतो असंच समजलं जाई. बेताच्या उंचीच्या या माणसाने नऊ मेजर स्पर्धा जिंकल्या. १९९७ साली एकवीस वर्षांच्या टायगर वूड्सने मास्टर्स १२ फटक्यांनी जिंकली आणि पुढच्या पिढीने गोल्फरला जिममध्ये पाहायची सवय केली. २०२० मध्ये ब्रायसन डिशाँबो याने मुद्दाम वजन आणि ताकद वाढवली आणि त्याच वर्षी यूएस ओपन सहा फटक्यांनी जिंकली.

हे ऐकून ग्राहकाला "तुम्हालाही असंच बनवतो" म्हणायचा मोह होतो. थांबा. दुसरी बाजूही बघा. त्याच टायगर वूड्सच्या पाठीवर २०१७ पर्यंत चार शस्त्रक्रिया झाल्या. शेवटच्या शस्त्रक्रियेत मणके जोडावे लागले. त्यानंतर २०१९ मध्ये त्याने पुन्हा मास्टर्स जिंकली, पण व्यायाम म्हणजे दुखापतीचा विमा नाही हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आणि आपली अदिती अशोक. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिचा चौथा क्रमांक आला, पदक थोडक्यात हुकलं. ती लांब मारण्यासाठी ओळखली जात नाही. तिची ओळख पटिंग आणि जवळच्या खेळाची. म्हणजे लांब मारणं हा खेळाचा एक भाग झाला, पूर्ण खेळ नव्हे.

म्हणून स्कोअरचं वचन कधीच देऊ नका. स्कोअरमध्ये पटिंग, निर्णय, हवा, नशीब सगळं येतं. तुमच्या हातात जे आहे आणि जे मोजता येतं, तेवढंच सांगा.

ग्राहक असं बोलतो:

"सर, पंचवीस यार्ड वाढवून द्याल का?"

तुम्ही असं सांगा:

"साहेब, यार्डाचं वचन मी देत नाही. आज तुमचं वळण, तोल आणि ताकद मोजतो. बारा आठवड्यांनी तेच पुन्हा मोजू. क्लबचा वेग ताशी एक मैल वाढला, तर ड्रायव्हरला साधारण अडीच यार्ड मिळतात, पण फटका मधोमध बसला तर. फटका मधोमध बसवणं तुमच्या कोचचं काम, शरीर तयार करणं माझं."

तुलनेसाठी एक आकडा लक्षात ठेवा. हौशी पुरुष खेळाडूचा ड्रायव्हरचा वेग साधारण ताशी ९० मैलांच्या आसपास असतो, अमेरिकेच्या पीजीए टूरवरच्या खेळाडूंचा सरासरी ताशी ११५ च्या आसपास. तुमच्या पन्नाशीच्या ग्राहकाला ती दरी भरायची नाहीये. त्याच्या आजच्या आकड्यात तीन-चार मैल वाढले तरी तो खूश असतो.

पहिला दिवस: फक्त मोजणी

पहिल्या दिवशी व्यायाम नाही. आधी प्रश्न: बीपी, शुगर, हृदयाचा त्रास, जुनी शस्त्रक्रिया, चालू औषधं. चालताना छातीत दुखतं का? कंबरेतून पायात कळ किंवा मुंग्या जातात का? उत्तर हो असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पुढे जायचं नाही. फी बुडाली तरी चालेल.

मग या पाच मोजण्या, दोन्ही बाजूंच्या:

१. छातीचं वळण. खुर्चीत ताठ बसवा, गुडघे जुळवून. छातीवर आडवी काठी, हात त्यावर गुणाकारासारखे. जमिनीवर टेपने ४५ अंशांची रेघ मारा. कंबर न हलवता काठी रेघेपर्यंत जाते का बघा.

२. खुब्याचं आतलं वळण. उंच बाकावर बसवा, गुडघा जागेवर ठेवून पाऊल बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा. मोबाइलमध्ये समोरून फोटो काढा. दोन्ही बाजूंत किती फरक आहे ते लिहा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा खुबा जास्त महत्त्वाचा, कारण फटक्याच्या वेळी सगळं शरीर त्याच्यावर वळतं.

३. एका पायावर तोल. डोळे उघडे, दहा सेकंद. स्विंग संपतो तेव्हा जवळपास सगळं वजन एका पायावर असतं.

४. उठ-बस. हात छातीवर, ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठतो.

५. मेडिसिन बॉल फेक. दोन किलोचा बॉल कडेने, स्विंगसारखा वळून फेकायचा. कंबर दुखत असेल तर ही मोजणी आज सोडा.

शक्य असेल तर ड्रायव्हिंग रेंजवर जाऊन क्लबचा वेगही मोजून घ्यायला सांगा. सगळे आकडे एका कागदावर, तारीख टाकून, ग्राहकाची सही घेऊन. एक प्रत त्याला, एक तुम्हाला.

बारा आठवड्यांचा आराखडा

आठवड्यातून दोन सत्रं तुमच्याकडे, शिवाय घरी रोज दहा मिनिटं.

*आठवडा १ ते ४: वळण आणि स्थिरता*

- जमिनीवर बसून दोन्ही गुडघे नव्वद अंशांत, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवणं: प्रत्येक बाजूला ८ वेळा.
- कुशीवर झोपून वरचा हात पुस्तकाचं पान उलटल्यासारखा मागे नेत छाती उघडणं: प्रत्येक बाजूला ८. गुडघे जागचे हलता कामा नयेत.
- ग्लूट ब्रिज: १० चे दोन-तीन सेट.
- हात-गुडघ्यांवर येऊन विरुद्ध हात-पाय लांब करणं: प्रत्येक बाजूला ६, सावकाश.
- पाठीला काठी लावून खुब्यातून वाकणं: १०. डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला टेकलेले राहिले पाहिजेत. गोल्फर चेंडूपुढे असाच उभा राहतो, त्यामुळे हा व्यायाम त्याला लगेच पटतो.

*आठवडा ५ ते ८: ताकद*

- छातीशी वजन धरून स्क्वॉट
- डंबेल घेऊन खुब्यातून वाकण्याची डेडलिफ्ट
- एक पाय पुढे ठेवून स्प्लिट स्क्वॉट
- एका हाताने रोइंग
- पुश-अप, जमत नसेल तर टेबलाला हात टेकून
- रबर बँड बाजूला बांधून, छातीसमोर हात सरळ करून वळणाला विरोध करणं
- दोन्ही हातांत वजन घेऊन ३० मीटर चालणं

ताकदीच्या व्यायामांचे तीन सेट, ६ ते ८ वेळा. सेट संपताना "अजून दोन काढले असते" असं वाटलं पाहिजे, त्यापेक्षा जास्त ताणू नका. पहिल्या टप्प्यातली वळणं वॉर्म-अपमध्ये चालूच ठेवायची.

*आठवडा ९ ते १२: वेग*

- मेडिसिन बॉल कडेने भिंतीवर फेकणं: प्रत्येक बाजूला ५, तीन सेट. प्रत्येक फेक पूर्ण जोराने.
- छोट्या उड्या: ५ चे दोन सेट, हलकं उतरणं महत्त्वाचं. गुडघे दुखत असतील तर उड्या सोडा, खुर्चीतून झटकन उठणं द्या.
- ड्रायव्हर उलटा धरून, चेंडूशिवाय जोरात फिरवणं: प्रत्येक बाजूला ५. आवाज ऐकायला सांगा. "स्सू" हा आवाज चेंडूच्या जागी किंवा त्याच्या पुढे यायला हवा.
- ताकदीचं एक सत्र आठवड्यातून चालू.

वेगाचा व्यायाम ताज्या शरीराने, सत्राच्या सुरुवातीला. सेटमध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. घाम निघाला नाही म्हणून ग्राहक कुरकुर करेल, पण दमलेलं शरीर सावकाशच हलायला शिकतं.

दोन्ही बाजूंनी व्यायाम का? कारण गोल्फर आयुष्यभर एकाच बाजूने वळतो. दुसरी बाजूही तयार ठेवणं तुमच्याशिवाय कोणी करणार नाही.

चालणं आणि खेळाआधीची दहा मिनिटं

अठरा होल पायी खेळले तर आठ-दहा किलोमीटर चालणं होतं, चार तासांहून जास्त. शेवटच्या चार होलांवर फटके बिघडतात, त्यात थकव्याचा वाटा मोठा. आठवड्यातून दोन-तीनदा ४० मिनिटं भरभर चालणं जोडा, थोडा चढ असेल तर उत्तम. एप्रिल-मेमध्ये पाणी तहान लागण्याआधीच सुरू करायला सांगा.

बरेच जण गाडीतून उतरून थेट पहिल्या टीवर ड्रायव्हर काढतात. त्यांना हा कार्यक्रम लिहून द्या: दोन मिनिटं भरभर चालणं, क्लबचा आधार घेऊन पाय पुढे-मागे झुलवणं, दहा स्क्वॉट, क्लब खांद्यांवर ठेवून छाती वळवणं, मग छोट्या क्लबने अर्धे स्विंग, हळूहळू मोठे, शेवटी ड्रायव्हर. एकाच जागी मिनिटभर ताणून धरायचं स्ट्रेचिंग खेळाच्या आधी नको, ते घरी संध्याकाळी.

या गोष्टी करू नका

- डळमळत्या बॉलवर उभं करून जड क्लब फिरवायला लावणं. व्हिडिओत छान दिसतं, पण पडण्याची भीती जास्त आणि फायदा कमी.
- कंबर धरलेल्या माणसाला वजन घेऊन झटक्याने वळणारे पोटाचे व्यायाम देणं.
- स्विंग शिकवणं. तुम्ही स्वतः खेळत असलात तरी नाही. कोचशी बोला, त्याला तुमचा कागद दाखवा. तोच उद्या तुमच्याकडे ग्राहक पाठवेल.
- कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं "होईल कमी" म्हणून दाबून नेणं. याला गोल्फर्स एल्बो म्हणतात. पकडीचं काम कमी करा, दुखणं राहिलं तर फिजिओथेरपिस्टकडे पाठवा.

धंद्याचं गणित

महिन्याच्या मेंबरशिपमध्ये समोरचा जिम शंभर रुपयांनी खाली आला की तुम्हालाही यावं लागतं. बारा आठवड्यांचा मोजलेला कार्यक्रम विकताना ही ओढाताण कमी होते, कारण तुलना करायला समोर तसंच दुसरं काही नसतं.

उदाहरणादाखल आकडे घेऊ, तुम्ही तुमच्या गावातले दर टाका. २४ सत्रं, प्रत्येकी ६०० रुपये, म्हणजे १४,४००. सुरुवातीची आणि शेवटची मोजणी, ८०० प्रमाणे १,६००. एकूण १६,०००. असे सहा ग्राहक म्हणजे तीन महिन्यांत ९६,०००, महिन्याला ३२,०००. यातून जागेचं भाडं, प्रवास आणि साहित्य वजा करा. साहित्य फार नाही: काठ्या, रबर बँड, दोन मेडिसिन बॉल, डंबेल. वेळ किती? आठवड्याला १२ सत्रं. दोघांना एकत्र शिकवलं, तर सहाच.

पण हा ग्राहक सगळीकडे नसतो. पुण्यात येरवड्याला पूना क्लबचा कोर्स आहे, मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. अशा ठिकाणांपासून अर्ध्या तासाच्या आत तुमची जागा असेल, तर विचार करा. तुमच्या गावात कोर्सच नसेल तर या गटामागे धावू नका. हीच पद्धत, म्हणजे खेळ समजून घ्या, मोजा, क्रम लावा, पुन्हा मोजा, तुम्ही बॅडमिंटन किंवा क्रिकेट खेळणाऱ्या चाळिशीच्या लोकांसाठी वापरू शकता.

बाराव्या आठवड्यानंतर पुन्हा तोच कागद काढा. ज्या आकड्यात सुधारणा झाली तो दाखवा. ज्यात नाही झाली, तोही दाखवा आणि कारण सांगा. "डावा खुबा अजून मागे आहे, कारण घरचे दहा मिनिटं तुम्ही आठवड्यातून दोनदाच केलेत" हे सरळ बोलणारा ट्रेनर ग्राहकाला आवडतो. पुढच्या बारा आठवड्यांचं बोलणं त्याच कागदावरून सुरू होतं, वेगळी विक्री करावी लागत नाही.

गृहपाठ

या आठवड्यात तीन कामं करा. पाच मोजण्यांचा कागद स्वतःच्या हाताने तयार करा. त्या मोजण्या आधी स्वतःवर आणि मग घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसावर करून बघा, म्हणजे टेप कुठे लावायची, काय बोलायचं, हे हातात बसेल. मग तुमच्या सध्याच्या मेंबरांमध्ये कोणी गोल्फर असेल, तर त्याची मोजणी फुकट करून द्या आणि फक्त एवढंच विचारा: "खेळल्यानंतर दुसऱ्या दिवशी काय दुखतं?" तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. तुमचा कार्यक्रम तिथून सुरू करा.